मारिनाल्वाचे पाव्हणे

मारिनाल्वाला पर्यटकांचा राग यायचा नाही. राग माणसांचा येतो. तिला त्यांची किळस यायची, तांदळात अळ्या निघाल्या की येते ना तशी. आणि फेकून तरी कसे द्यायचे, तांदूळ आपलेच, महिना त्यातच काढायचाय.

पितांगा टेकडीच्या पार माथ्यावर, जिथे वस्ती संपते आणि कड्यावर जायची पायवाट सुरू होते, तिथे तिचं घर. पुढच्या खिडकीतच टपरी. कॉफी, मक्याचा केक, शहाळं. रोज पहाटे रिओभरच्या हॉटेलांतून उठून ही येडी मंडळी मोटरसायकलच्या मागे बसून वर यायची. कशाला, तर सूर्य बघायला. सूर्य! जसा काही त्यांच्या देशात उगवतच नाही, तिजोरीत ठेवलाय. मग खाली उतरताना कॉफी प्यायची, तिच्या दोरीवर वाळत घातलेल्या चड्ड्यांचे फोटो काढायची आणि मान वाकडी करून म्हणायची, "तुमच्याकडे इतकं कमी असून तुम्ही किती आनंदी असता हो!"

"हो ना," मारिनाल्वा म्हणायची. "साखर घालू?"

कमी म्हणे! हे कमी उभं करायला तिची कंबर गेली होती. पाराइबाच्या दुष्काळी मुलखातून ती पोरवयात बसने आली, एक पिशवी आणि एका मावशीचा पत्ता घेऊन. मावशी दुसऱ्याच महिन्यात वारली. मग खाली डांबरावर लोकांची घरं पुसली. खालच्या शहराला टेकडीवर डांबरच म्हणतात, कारण सरकारला रस्ता करायचं फक्त तिथेच सुचलं. समुद्र दिसणाऱ्या फ्लॅटांच्या काचा पुसता पुसता तिने समुद्र बघितला, आणि दर रविवारी ती आणि तिचा नवरा जुरांदीर, तोही पाराइबाचाच, डोक्यावरून विटा वर आणायचे. स्लॅब टाकला त्या दिवशी आख्खी गल्ली घमेली उचलायला आली, आणि काळा घेवडा आणि डुकराचं मटण घातलेली आमटी ओरपून रात्री नाचून गेली. त्याच स्लॅबवर परवा एक डेन्मार्कची पोरगी उभी राहून म्हणाली की हे सगळं कसं अगदी खरंखुरं आहे. खरंखुरं! मग काय पुठ्ठ्याचं असणार होतं का?

जुरांदीरला मात्र पर्यटक आवडायचे. त्याला सगळेच आवडायचे, तोच तर त्याचा रोग. आयुष्यभर एका श्रीमंत इमारतीचा दरवाजा उघडला त्याने. "या साहेब, सावकाश मॅडम, पाऊस येईल हं, छत्री घ्या." आणि स्वतः काय घेतलं? मूत्रपिंडाचं दुखणं. आता आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, खाली दवाखान्यात मशीनवर रक्त धुवायला जावं लागायचं. आणि तेही नेमक्या वेळेला. खुर्ची ठरलेली, गेला नाहीत तर दुपारची पाळी बसते त्यावर.

सोमवारी पोलीस टोळीवाल्यांच्या मागे टेकडीत घुसले होते. दिवसभर गोळ्या. जुरांदीर जाऊ शकला नाही. मंगळवारी सगळं शांत झालं, पण मंगळवारी त्याची पाळी नाही आणि दवाखान्यात एक खुर्ची रिकामी नाही. आणि आज बुधवार. रात्रभर त्याला आडवं होता आलं नव्हतं, बसून बसून श्वास ओढत होता. पाय असे सुजलेले की बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. आज मशीन चुकलं तर शुक्रवार हा माणूस बघणार नाही, हे मारिनाल्वाला कुणी डॉक्टरने सांगायची गरज नव्हती. तिने मोटरसायकलवाल्याला पहाटेच सांगून ठेवलं होतं, उजाडलं की ये.

उजाडायच्या आत क्लेबर्सन आला, आपली मेंढरं घेऊन.

क्लेबर्सन म्हणजे गाईड. ह्याच गल्लीतला, मारिनाल्वाने शेंबूड पुसलेला. आता पिवळा टी-शर्ट, पाठीवर एजन्सीचं नाव, आणि तोंडात ती गोष्ट. प्रत्येक गटाला तो तिच्या टपरीसमोर उभं करायचा, आवाज खाली आणायचा आणि सांगायचा की इथेच, ह्याच दगडावर, माझ्या मामाला गोळी लागली. बायका रडायच्या. बक्षिसी चांगली पडायची. क्लेबर्सनच्या आईला भाऊच नव्हता. एकुलती एक होती ती!

"मामा कसा आहे रे?" मारिनाल्वाने खिडकीतून विचारलं.

"मावशी, हळू ना," तो दात आवळून म्हणाला. "यातल्या एका बाईला आपली भाषा कळते. पोर्तुगालची आहे, लिस्बनची."

"मग तिला सांगू का मामाची तब्येत?"

तो पळालाच. गट कड्यावर गेला. सूर्य आला, कारण तो कुणी न बघताही येतो. वरून टाळ्या ऐकू आल्या. सूर्याला टाळ्या! मारिनाल्वा जुरांदीरच्या पायात चपला कोंबत होती, आणि तेवढ्यात खालच्या वेशीवर फटाके फुटले. फाड फाड फाड.

टेकडीवर सकाळी फटाक्याचा एकच अर्थ. टोळीच्या पहारेकऱ्यांनी पोलीस येताना बघितले. आख्ख्या वस्तीत धडाधड खिडक्या बंद झाल्या, कुणीतरी दोरीवरचे कपडे सोडून आत पळालं, पाववाल्याने शटर ओढलं. आणि वर कड्यावर? परत टाळ्या! त्यांना वाटलं त्यांच्यासाठीच!

मग खरी गोळी वाजली. मग बऱ्याच. मग हेलिकॉप्टर इतकं खाली आलं की टपरीवरचे कागदी पेले उडाले. आणि मग ती मंडळी पायवाटेवरून घसरत, रडत, एकमेकांना ढकलत खाली आली आणि क्लेबर्सन पांढराफटक होऊन दार बडवायला लागला.

"मावशी, उघड! मावशी, देवाच्या आईची शपथ!"

उघडलं तिने. दार लावून घेण्याइतकी ती हलकट नव्हती, आणि त्याचंही तिला वाईट वाटत होतं. "खिडकीपासून लांब! मधल्या बोळात बसा, खाली, ढुंगण टेकून! ए उंटा, तूपण!" तो उंट म्हणजे हॉलंडचा एक म्हातारा, ताडमाड, नाक उन्हाने भाजून टोमॅटो झालेलं. स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्यामधला बोळ. दोन्ही बाजूंना दोन-दोन भिंती, म्हणून प्रत्येक घर अशा वेळी तिथेच बसतं. आज तिथे मारिनाल्वाच्या घरात परदेश बसला होता, गुडघ्यात डोकं घालून. आणि ज्याला बसायलाच हवं तो जुरांदीर दारातल्या खुर्चीवर, धापा टाकत, सगळ्यांकडे बघून हसत. "या, या. बसा. सावकाश."

"तू गप रे!"

पहिली पंधरा-वीस मिनिटं ते घाबरले. मग त्यांना वायफाय पाहिजे झालं. एका पोरीने न्हाणीत जाऊन स्वतःचा रडतानाचा व्हिडिओ केला, नीट नाही आला म्हणून परत केला. हॉलंडवाल्याने खुणेने विचारलं की कॉफी मिळेल का. आणि ती लिस्बनची बाई मारिनाल्वाचा हात धरून नाकातून बोलायला लागली, भाषा तीच पण सर्दी झाल्यासारखी, "बाई गं, किती धीराची माणसं तुम्ही! कसं हो राहता अशा ठिकाणी?"

"धीर कसला डोंबलाचा. दुसरी जागा आहे का? तुमच्याकडे असेल तर सांगा, मी पिशवी भरते."

बाईने हात सोडला.

मारिनाल्वाने मोटरसायकलवाल्याला फोन लावला. तो पलंगाखालून बोलत होता. "मावशी, आज चाक फिरणार नाही. काकांना सांग, माफ करा." अॅम्ब्युलन्सला लावला. तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली की गोळीबार चालू असताना गाडी वर येत नाही, तुम्ही रुग्णाला खाली आणा. "आणि खाली आणता आलं असतं तर तुला कशाला फोन केला असता, टवळे?" पण तोवर फोन ठेवलेला. जुरांदीर म्हणाला, "असू दे गं. उद्या बघू." ओठ निळे पडले होते आणि म्हणे उद्या बघू. तिला त्याच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला आणि मिठी मारावीशी वाटली, दोन्ही एकदम, म्हणून तिने काहीच केलं नाही, ओट्यावर उगाच फडका मारला.

तेवढ्यात क्लेबर्सनचा फोन वाजला. तो उभाच राहिला, पोलिसांचाच फोन असल्यासारखा. पोलिसांचाच होता! एजन्सीने वकिलातीला, वकिलातीने आणखी कुणाला, असं करत करत वर कुठेतरी पोचलं होतं की पाव्हणे अडकलेत. आणि काय आश्चर्य! सोमवारी आख्खी टेकडी दिवसभर जमिनीला चिकटून होती तेव्हा कुणाला दोन मिनिटं बंदूक खाली ठेवावीशी वाटली नव्हती. आज लगेच. मोठ्या पायऱ्यांचा रस्ता मोकळा करतो, गोळीबार थांबवतो, पर्यटकांना एका रांगेत खाली आणा. फक्त पर्यटक. वस्तीतला एकही माणूस नको.

"चला चला," क्लेबर्सन ओरडला.

मारिनाल्वा दारात आडवी उभी राहिली. "जुरांदीर येतोय."

"मावशी, वेडी झालीस? फक्त पर्यटक म्हणालेत."

"मग तो पर्यटक आहे."

"मावशी, काका पाराइबाचे आहेत!"

"कुणाच्या कपाळावर लिहिलंय? मीपण येतेय. तुझा दुसरा टी-शर्ट काढ पिशवीतून, मी तुझी मदतनीस."

"नाही जमणार. माझी नोकरी जाईल, माझं..."

मारिनाल्वा वळली. "अहो लिस्बनच्या बाई! याच्या मामाबद्दल तुम्हाला एक सांगायचं राहिलं हां—"

"काढतो! काढतो टी-शर्ट!"

मग ती तयारी! हॉलंडवाल्याला लिस्बनच्या बाईने समजावून सांगितलं तर त्याचे डोळे असे चमकले, जसं काही त्याला नाटकात घेतलं. त्याने अंगातला पोपटांचा शर्ट काढून दिला आणि स्वतः पिशवीतला दुसरा घातला. कुणी टोपी, कुणी काळा चष्मा, कुणी गळ्यात कॅमेरा. लिस्बनच्या बाईने जुरांदीरच्या तोंडाला उन्हाचं मलम असं थापलं, जसा भिंतीला चुना. "नाक राहिलं," तो म्हणाला आणि नाक पुढे केलं. दुखणं लपवायची गरज नव्हती, पर्यटकही चढून उतरले की असेच धापा टाकतात. मारिनाल्वाने पिवळा टी-शर्ट घातला, तो पोटावर येऊन अडकला.

"लक्षात ठेव," तिने जुरांदीरला बजावलं. "बोलायचं नाही. 'या साहेब' नाही. दार दिसलं तरी उघडायचं नाही. येड्यासारखं इकडेतिकडे बघायचं आणि हसायचं."

"ते जमेल," जुरांदीर म्हणाला.

निघाले. हॉलंडवाल्याच्या दंडाला धरून जुरांदीर, मागे मारिनाल्वा. दोन्ही बाजूंनी दारांच्या फटींतून शेजारी बघत होते. त्यांनी ओळखलं नसेल? ओळखलं! पण कुणी हूं की चूं केलं नाही. फक्त एका फटीतून हळूच आलं, "काय शर्ट आहे, जुरांदीर," आणि तो हसला आणि मारिनाल्वाने त्याच्या पाठीत चिमटा काढला. पायऱ्यांवर काडतुसांच्या पितळी नळ्या पडल्या होत्या. त्या व्हिडिओवाल्या पोरीने एक उचलून खिशात घालायला घेतली, आठवण म्हणून. मारिनाल्वाने फटकन हातावर मारलं. "टाक! शिंपला आहे का तो?" शब्द कळला नसेल, मार कळला.

दर थोड्या पायऱ्यांनी जुरांदीर थांबायचा. तो थांबला की हॉलंडवाला थांबायचा, तो थांबला की सगळे थांबायचे आणि समोरच्या समुद्राचा फोटो काढायचे. काढा, काढा, मारिनाल्वा मनात म्हणायची, जन्मात पहिल्यांदा तुमच्या फोटोचा उपयोग होतोय.

बेकरीच्या वळणावर मात्र घात झाला.

वळणाआडून एक पोलीस अचानक पुढे आला. काळे कपडे, तोंडावर फडकं, बंदूक हातात, नळी खाली. नळी खालीच होती, त्याला पाव्हणे येणार हे माहीत होतं. खरा पर्यटक असता तर दचकला असता, किंवा हसला असता, किंवा फोटो काढू का विचारलं असतं. पण जुरांदीर चाळीस वर्षं ह्या टेकडीवर चढला-उतरला होता. इथल्या माणसाला पोलीस समोर दिसला की डोकं विचार करत नाही, अंगच करतं. त्याचे दोन्ही हात वर गेले. मग एका हाताने शर्ट छातीपर्यंत उचलला, कमरेला काही नाही हे दिसावं म्हणून. मग भिंतीकडे तोंड, पाय फाकवलेले. आणि खणखणीत आवाजात, जो आवाज सकाळपासून त्याला फुटत नव्हता त्या आवाजात, "इथलाच आहे साहेब! कामाधंद्याचा माणूस!"

मारिनाल्वाला वाटलं आता मेलोच. मूर्ख! आयुष्यभराचा मूर्ख!

"ए!" पोलीस म्हणाला. "हा कोण?" आणि नळी वर आली.

आणि मग ते झालं जे कुणी सांगितलं असतं तर मारिनाल्वाने त्याला हाकलून दिलं असतं. हॉलंडच्या त्या उंटाला वाटलं इथला नियमच असा असणार. गाईड कायम म्हणतो ना, स्थानिक लोक करतील तसं करा! त्याने हात वर केले, शर्ट उचलून आपलं गोरं ढेरपोट बाहेर काढलं आणि भिंतीकडे तोंड करून जुरांदीरशेजारी उभा राहिला. त्याच्या मागचीने तेच. तिच्या मागच्याने तेच. बघता बघता आख्खी रांग बेकरीच्या भिंतीला, हात वर, पोटं उघडी, गुलाबी, केसाळ, गोंदवलेली. ती व्हिडिओवाली पोरगी एक हात वर करून दुसऱ्याने शूटिंग करत होती. क्लेबर्सनसुद्धा! पण तो मात्र सवयीने.

वळणावरून सरळ खाली वेस दिसते. वेशीवर टीव्हीवाले कॅमेरे वर करून बसलेले.

मागून एक सार्जंट धावत आला आणि त्या पोलिसाच्या हेल्मेटवर थाड्कन चापट मारली. "अरे गाढवाच्या, परदेशी माणसं भिंतीला लावलीस? सगळ्या जगाला दाखवतायत ते खालून!"

"सर, मी नाही लावली, त्यांनीच... सर, हा इथला आहे, हा म्हणाला—"

सार्जंटने जुरांदीरकडे बघितलं. पोपट बघितले. चुना बघितला. डोळे बारीक झाले. तेव्हा लिस्बनची ती बाई भिंतीपासून वळली आणि नाकातून, अशी वरच्या पट्टीत की सार्जंट एक पायरी मागे गेला, म्हणाली, "हे माझे यजमान आहेत! हृदयाचे आजारी आहेत! तुमचं नाव काय? मला वकिलातीला सांगायचंय!"

माझे यजमान! मारिनाल्वाने चाळीस वर्षं त्याचे सदरे धुतले, त्याचं घोरणं ऐकलं, विटा वाहिल्या, आणि यजमान हिचे! पण जीभ चावून उभी राहिली. तिने मान डोलावली सुद्धा. हो साहेब, हिचेच.

"न्या!" सार्जंट ओरडला. "हात खाली करा हो सगळे! न्या यांना, सगळ्यांना न्या, पटकन!"

खाली पाण्याच्या बाटल्या, रुमाल, खुर्च्या, गार हवेची बस. सगळं पाव्हण्यांसाठी आधीच आलेलं. एका टीव्हीवालीने त्या पोरीसमोर माईक धरला आणि विचारलं कसं वाटतंय. पोरगी म्हणाली, भयंकर, पण सूर्योदय अप्रतिम होता. मारिनाल्वाने क्लेबर्सनची कॉलर धरली. "बस आधी दवाखान्यात."

"मावशी, बस हॉटेलला—"

"मामा!"

बस दवाखान्यात गेली. दारात सगळ्यांनी उतरून जुरांदीरबरोबर फोटो काढला, तो मधोमध, निळ्या ओठांनी हसतोय. लिस्बनच्या बाईने मारिनाल्वाला मिठी मारली आणि म्हणाली की तुम्हाला कधी विसरणार नाही. विसरणार! विमानात जेवण आलं की विसरणार. तरी मारिनाल्वाने तिच्या पाठीवर दोनदा थापटलं, आखडत्या हाताने.

आत नर्सने वजन घेतलं, तोंडातून शिटी काढली आणि काही न विचारता त्याला खुर्चीवर बसवलं. सुया टोचल्या. मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने त्याचा श्वास जरा खाली बसला, आणि मारिनाल्वाने पोटावर अडकलेला पिवळा टी-शर्ट खाली ओढला.

शेजारची खुर्ची रिकामी होती. झुल्मिराची. ती पण पितांगाचीच, पाण्याच्या टाकीजवळ राहायची. तिलाही सोमवार चुकलेला.

"झुल्मिरा नाही आली तुमच्याबरोबर?" नर्सने विचारलं. "फोन उचलत नाहीये."

झुल्मिराच्या गल्लीतून काही दिसत नाही. ना सूर्य, ना समुद्र. तिकडे कोण कशाला जातंय फोटो काढायला?

कोपऱ्यातल्या टीव्हीवर तीच भिंत, तीच पोटं. बातम्या देणारी बाई हसू दाबत सांगत होती की कारवाई चालू राहील, की एकाही पर्यटकाला साधं खरचटलंही नाही, आणि कड्याची पायवाट पुढची सूचना येईपर्यंत बंद.

बंद.

जुरांदीरने मान वळवली. "शुक्रवारी कसं गं?"

ती उठून बाहेर गेली आणि क्लेबर्सनला फोन लावला. तो हॉटेलच्या लॉबीत असणार, मागे पियानो वाजत होता.

"शुक्रवारी गट घेऊन ये."

"मावशी, पायवाट बंद आहे. कुणी येणार नाही. लोक घाबरलेत, पैसे परत मागतायत."

"मग दुसरे शोध. कसलेही चालतील. रडके आण, मुतरे आण, चड्ड्यांचे फोटो काढणारे आण. कॉफी फुकट देते, केक फुकट देते. तुझ्या मामाला मी स्वतः मारते, दगडावर हात ठेवून रडते, पण आण."

"मावशी..."

"आणि जरा जास्त आण," मारिनाल्वा म्हणाली. "शुक्रवारी टाकीवरून जायचंय. माणसं दोन आहेत."